नूरी माझ्याकडे होती ते पन्नास दिवस

८ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ६.३०

ठरलं! लालमहंमदची नूरी उद्यापासून माझ्या ताब्यात.

त्याचा गुडघा बदलायचाय, नांदेडला. ऑपरेशन आणि पुढचा आराम धरून तो दीड-दोन महिने लेकीकडं, जाहिदाकडं, विष्णुपुरीला राहणार. नूरी म्हणजे त्याची कुमैत घोडी. कुमैत म्हणजे तांबूस अंग, काळी आयाळ. हे माझ्या बायकोला, सुकन्याला, माहीत नव्हतं, मला होतं. बाजारच्या दिवशी छकड्यात पोती, एरवी कडबा, आणि रब्बीत लोकांच्या हरभऱ्यात तण काढायचं कोळपं ओढते. आमच्या भागात औताला चालणारं घोडं आता हे एकच.

हॉटेलात सगळ्यांदेखत मीच म्हणालो, लालमहंमदभाई, माझे चार एकर कशासाठी आहेत? आमच्या घराण्यात घोडं रक्तात आहे. आजोबांचा घोड्यावरचा फोटो बैठकीत आहे, गावानं पाहिलाय. लालमहंमद बराच वेळ चहाच्या कपात बघत बसला. मग म्हणाला, लक्ष्मम्मा हाय न्हवं तुमच्या वावरात? म्हटलं, आहे की, कुठं जाते. तर म्हणाला, मग चालतंय. भावना आवरत होता बिचारा.

नूरीला माझी ओळख आहेच. स्टँडवर दिसली की मी तिला जिलेबी देतो. मागच्या बाजारात मिरची भजं दिलं, तेही खाल्लं. जाहिदा आली होती तेव्हा, टक लावून बघत होती. माझीच विद्यार्थिनी. सातवी ब, भूगोल.

संकल्प: पहाटे ४.३० ला उठणे. खरारा स्वतःच्या हाताने. रोज एक तास घोडीसोबत शेतात. रोजनिशी रोज लिहिणे. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, आता कुठं योग्य काम हाताला लागलं.

सुकन्या म्हणाली, अहो, तुम्हाला आपली गाय ओळखत नाही. दुर्लक्ष केलं.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १

नूरी आली. लालमहंमद काठी टेकत स्वतः घेऊन आला. सोबत जाहिदा, खाली ऑटो उभा.

दोर त्यानं माझ्या हातात दिला, बोलला मात्र लक्ष्मम्माशी. लक्ष्मम्मा आमच्या शेतावर राहते, बारा वर्षं झाली. पत्र्याच्या दोन खोल्या, कोंबड्या आणि ती. लालमहंमद तिला म्हणाला, नूरी हाय म्हणून मी हाय. ह्या वयात दुसरं जनावर मला होनार न्हाई. ती नुसतं हूं म्हणाली. मी म्हणालो, निर्धास्त जा. तेव्हा त्यानं माझ्याकडं बघून नमस्कार केला.

दाण्याचं माप म्हणून डालड्याचा जुना डबा दिला, वरून कापलेला. मला हसू आलं. आजच्या काळात डाएट डब्यानं मोजतात का?

जाहिदानं एक कागद दिला, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. म्हणाली, सर, हा लक्ष्मम्माला वाचून दाखवाल ना, तिला वाचता येत नाही, अब्बांनी सांगितलं तसं लिहिलंय. अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडं झुकणारं. वरची ओळ बघितली, पाणी आधी, दाणा नंतर वगैरे. सामान्य ज्ञान. कागद फायलीत लावला. फायलीवर नाव टाकलं, अश्व व्यवस्थापन. फार छान दिसून राहिलंय.

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी १०.१५

गजर वाजला होता. वाजतोय हे मला झोपेतही कळत होतं, म्हणजे शरीर सवय लावून घेतंय. शेतात पोचलो तर लक्ष्मम्मानं पाणी, दाणा, खरारा सगळं उरकलेलं. टीमवर्क.

नूरीच्या मानेवर हात फिरवला. तिनं मान बाजूला घेतली. लाजाळू आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज खरारा स्वतः केला. लोखंडी दात्यांनी अंग घासायचं असतं, केसांच्या दिशेनं. मी मोबाईलवर बघितलेल्या व्हिडिओत उलट दिशेनं होतं असं मला आठवत होतं. नूरीनं माझ्या डाव्या पायावर खूर ठेवला आणि बराच वेळ ठेवला. जवळीक दाखवायची पद्धत असावी. अंगठ्याचं नख काळं पडलंय.

लक्ष्मम्मानं हळद लावली. वर विचारलं, मास्तर, त्या कागदात काय लिवलंय? म्हटलं, काही नाही, सामान्य सूचना. ती म्हणाली, तरी वाचा की. म्हटलं, उद्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

लालमहंमदचा फोन. ऑपरेशन नीट झालं. आवाज बारीक झालाय. पहिला प्रश्न, नूरी पानी पिती का? सांगितलं, माझ्या हातानं पिते. हे अगदीच खोटं नाही, बादली मीच विकत आणली. पहाटे फिरवता का? म्हटलं, रोज साडेचारला. मग म्हणाला, लक्ष्मम्माला द्या जरा फोन. म्हटलं, ती लांब आहे. ती समोरच होती, पण रेंज लक्ष्मम्माच्या बाजूला नीट नसते.

उद्यापासून साडेचार नक्की. म्हणजे आजचं बोलणं आपोआप खरं होईल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कोळपणी. हरभऱ्यात तण माजलंय. लक्ष्मम्मा म्हणाली, मी घोडीच्या म्होरं चालते, तुम्ही मागं कोळपं धरा. म्हटलं, गरज नाही, आवाजावर चालवतो. शास्त्र आहे त्याचं.

चार ओळी हरभरा उपटला गेला. तण आहे तिथंच आहे. कारणं शोधली. नूरी सरळच चालत होती, ओळीच वाकड्या पेरल्या गेल्यात. पेरणी मी केली होती, पण तो वेगळा विषय.

दुपारून लक्ष्मम्मानं एकटीनं पाऊण एकर केला. लगाम गळ्यात अडकवून, कोळपं दोन्ही हातांत, तोंडानं च्यक च्यक करत. नूरी ओळीच्या टोकाला आपोआप वळत होती. मी बांधावरून मार्गदर्शन केलं. संध्याकाळी विचारलं, हे कुठं शिकलीस? तर म्हणाली, आमचे मालक टांगा हाकायचे, लालमहंमदच्या बरुबर. मालक म्हणजे मलप्पा, तिचा नवरा, जाऊन वीस वर्षं झाली. चार घोडी ह्याच हातानं वाढवली म्हणे. बरं आहे. अनुभव वेगळा, अभ्यास वेगळा.

२६ नोव्हेंबर, बुधवार

नूरीसोबतचा फोटो स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, नवा सदस्य. छत्तीस जणांनी बघितला.

रेवणप्पाचा उदगीरहून फोन. रेवणप्पा म्हणजे सुकन्याचा भाऊ, ट्रॅक्टरची एजन्सी आहे, पंधरा वर्षांत मला पहिल्यांदा त्यानं आपणहून फोन केला. म्हणाला, काय भावजी, घोडी घेतली? मी म्हणालो, हौस असते एकेकाची. घेतली असं मी म्हणालो नाही. नाही घेतली असंही म्हणालो नाही. त्याला जे समजायचं ते तो समजला. सुकन्या शेजारी भाजी निवडत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि शेंगा जरा जोरात मोडल्या.

दुपारी ती बैठकीतल्या फोटोकडं बघून म्हणाली, मामंजी सांगायचे, हा फोटो मालेगावच्या जत्रेत काढलाय, फोटोवाल्याचंच घोडं होतं, एक रुपया घेऊन बसवायचा. म्हटलं, बसले तर होते ना?

२ डिसेंबर, मंगळवार

नूरीच्या बरगड्या दिसतात. म्हणजे मला दिसल्या. लक्ष्मम्मा म्हणाली, कामाचं जनावर हाय, म्हैस न्हाई. तरी ठरवलं, खुराक वाढवायचा. डालड्याच्या डब्याऐवजी आता घमेलं. हरभरा, गूळ, वर मूठभर तीळ. अठरा तारखेला मालेगावची जत्रा, तिथं सगळ्या भागातली घोडी येतात. नूरीला तिथं नुसतं दाखवायचं. विकायची थोडीच आहे! लोक विचारतील, कुणाची? मी म्हणेन, सध्या आपल्याकडं आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

घमेलं भरून ठेवलं की अर्ध्या तासात रिकामं. भूक वाढली, प्रगती आहे, असं समजत होतो. आज लवकर गेलो, म्हणजे साडेनऊला, तर लक्ष्मम्मा घमेल्यातला हरभरा डब्यानं मोजून एक डबा तोबऱ्यात घालत होती, बाकीचा परत पोत्यात. तोबरा म्हणजे तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी. मी भडकलो. म्हटलं, घोड्याच्या तोंडचं काढतेस? ती म्हणाली, लई झालं तर पोट धरतंय मास्तर, घोडं वकत न्हाई, रवंथ करत न्हाई, आत गेलं ते गेलं. आणि तो कागद तर वाचा एकदा.

मी म्हणालो, मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवलंय, मला शिकवू नकोस.

हे जरा जास्त झालं असं घरी आल्यावर वाटलं. पण शिस्त पाहिजे.

९ डिसेंबर, मंगळवार

मालेगाव रद्द. कारणं: टेम्पोवाला उलट बोलतो. थंडी फार आहे. गर्दीत घोडी बुजते.

लक्ष्मम्मा म्हणाली होती, लालमहंमदला इचारल्याबिगर घोडी बांधाच्या भाईर न्हाई जायची, आणि दोर हातात घेऊन दारात उभी राहिली. पण ते मुख्य कारण नाही.

नवी योजना त्याहून चांगली. एकोणीसला येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, शेतात पूजा करून जेवायचा सण. तेव्हा सगळे आपल्याच शेतात येणार. रेवणप्पासकट.

१७ डिसेंबर, बुधवार

येळवसची तयारी. बांधावर कडब्याची कोप, म्हणजे पूजेची खोपटी, उभी केली. लक्ष्मम्मानं केली, मी कडब्याच्या पेंढ्या मोजून दिल्या. बाजारातून नूरीसाठी गोंडे, घुंगरांचा पट्टा आणि कपाळावर बांधायचा आरसा आणला. घरात आंबिलीचा हंडा लावलाय. ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, घरभर आंबूस वास. तीस माणसं जेवतील एवढा अंदाज.

रेवणप्पानं कळवलं, कुटुंबासह येतोय, घोडी बघायला.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस. सकाळी ११.४०, कोपीत बसून

उत्तम चाललंय. पाच पांडव म्हणून मांडलेल्या दगडांना चुना लागला, पूजा झाली, ओलगे ओलगे म्हणत शेताला आंबील शिंपडून झाली. पंचवीस-तीस माणूस. पोरी झोक्यावर. नूरी गोंडे लावून लिंबाखाली उभी, नवरीसारखी. रेवणप्पा तिच्याभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, भावजी, मानलं तुम्हाला! पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

मग कुणीतरी म्हणालं, आज बैलाला नैवेद्य असतो, घोडीला न्हाई का? बरोबर आहे. आज शेतावरच्या जनावराचा मान. घमेल्यात बाजरीचे उंडे कुस्करले, पालेभाज्या-शेंगांची भज्जी घातली, वर गव्हाची खीर, आणि आंबील ओतली, दोन तांबे. रेवणप्पाच्या पोरीनं व्हिडिओ काढला. रेवणप्पा म्हणाला, खाते का घोडी हे? म्हटलं, माझ्या हातचं काहीही खाते.

सगळं खाल्लं! घमेलं चाटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लक्ष्मम्मा तेव्हा विहिरीवर पाणी आणायला गेली होती.

दुपारी २.२०

नूरी पाय आपटून राहिली. मान वळवून सारखी पोटाकडं बघते. घुंगरं वाजतात म्हणून पोरं हसतात. मला वाटतं, माशी असावी.

संध्याकाळी ६.३०

माशी नव्हती.

अडीचला ती खाली बसली आणि लोळायला लागली. अंग घामानं भिजलेलं, डिसेंबरात. लक्ष्मम्मा हातातली भाकरी टाकून धावत आली. घमेल्यात बोट घातलं, वास घेतला. माझ्याकडं बघितलं. गोंडे, पट्टा, आरसा ओरबाडून काढले, नूरीला ओढून उठवलं आणि फिरवायला लागली. लिंबापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून लिंबापर्यंत. नूरी बसायला बघायची, ही बसू द्यायची नाही. कन्नडमध्ये काहीबाही बोलत होती तिच्या कानात. पायात चप्पल नव्हती.

जनावरांचे डॉक्टर आपली येळवस सोडून मोटारसायकलवर आले. नाकातून नळी घातली, तेल सोडलं, सुई दिली. म्हणाले, पोट फुगलंय, लीद टाकली तर वाचली. मग सगळ्यांसमोर विचारलं, काय खाऊ घातलं हिला? कुणी?

मी म्हणालो, जनावराची सगळी व्यवस्था लक्ष्मम्मा पाहते.

हे वाक्य खरं आहे. एकेक शब्द खरा आहे.

डॉक्टर तिला बोलले. बाई, एवढी वर्षं जनावरात काढली, अक्कल गहाण ठेवली का? तीस माणसं होती. टाळ्या वाजवणारे हात तेच होते, पण सगळे हात आता खिशात किंवा पदरात. रेवणप्पा मोबाईल बघत होता. सुकन्या माझ्याकडं बघत होती. लक्ष्मम्मानं मान वर केली नाही, लिंबाकडून वळली आणि परत विहिरीकडं चालायला लागली.

मी बोलणार होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात डॉक्टरांनी बादली मागितली, ती आणायला गेलो.

मग अडीच तास. लालमहंमदचा शब्द डोक्यात फिरत होता, दुसरं जनावर मला होनार न्हाई. बोर्डाच्या निकालाची मी एवढी वाट कधी पाहिली नव्हती, जेवढी आज एका घोडीच्या लीदीची पाहिली. सूर्य टेकला आणि नूरीनं शेपूट उचललं. लक्ष्मम्मा मटकन खाली बसली आणि रडली. मी पण रडलो, पण मी कोपीच्या मागं जाऊन.

२० डिसेंबर, शनिवार

नूरी बरी आहे. थोडी थोडी हिरवळ चघळते.

शांतपणे विचार केला. कालच्या प्रकाराची जबाबदारी अनेकांची आहे. नैवेद्याची गोष्ट मी काढली नव्हती. आंबील जरा जास्तच आंबली होती, हे सुकन्याचं खातं. डॉक्टरांनी तो प्रश्न चारचौघांत विचारायला नको होता. लक्ष्मम्मानं विहिरीवर जायला नको होतं.

वरचं वाचून बघितलं. लाज वाटली. खोडायला पेन उचललं, पण राहू दिलं. हे माझ्याशिवाय कोण वाचणार आहे?

२१ डिसेंबर, रविवार

लक्ष्मम्मा नेहमीसारखीच बोलते. चहा देते. मास्तर, बसा म्हणते. भांडली असती तर बरं झालं असतं.

गावात पसरलंय की लक्ष्मम्मानं घोडी मारतच आणली होती. किराणा दुकानात दोन बायका बोलताना ऐकलं. मी तेलाची पिशवी घेतली, सुट्टे पैसे परत घेतले आणि आलो. सुकन्यानं विचारलं, काय म्हणत होत्या? म्हटलं, महागाई.

सुकन्या आज एवढंच म्हणाली, तुम्ही पोरांना खोटं बोललं की छडी मारायचात ना? आणि जेवायला वाढलं.

२३ डिसेंबर, मंगळवार

लालमहंमदचा फोन. काठीशिवाय चालतोय. अठ्ठावीसला येतो म्हणाला. नूरी कशी हाय? म्हटलं, एकदम ठणठणीत. येळवस झाली का चांगली? म्हटलं, फार छान. लक्ष्मम्मा? म्हटलं, मजेत.

फोन ठेवल्यावर स्वतःवरच रागावून मजकूर तयार केला. लालमहंमदभाई, चूक माझी आहे. आंबील मी घातली. डॉक्टरांसमोर मी लक्ष्मम्माचं नाव पुढं केलं. तीन वाक्यं. आरशासमोर म्हटली. तिसऱ्या वाक्याला आवाज बसतो. थंडीमुळं.

२७ डिसेंबर, शनिवार

तीन वाक्यं अठरा वेळा म्हटली. पाठ झाली. उद्या सगळ्यांदेखत बोलायचं, जसं हॉटेलात सगळ्यांदेखत बोललो होतो. तेव्हा जमलं, तर आता का नाही जमणार?

२८ डिसेंबर, रविवार. दुपारी ३

लालमहंमद आला. जाहिदा होती, हॉटेलातले चार-पाच जण होते, सुकन्या होती.

नूरीनं त्याला लांबूनच ओळखलं. अशी खिंकाळली की तसा आवाज मी पन्नास दिवसांत ऐकला नव्हता. तिला असा आवाज आहे हेच मला माहीत नव्हतं. तिनं त्याच्या खांद्यावर तोंड ठेवलं आणि त्यानं तिच्या अंगभर हात फिरवला. पोटापाशी हात थांबला. कान लावला. मग लक्ष्मम्माला विचारलं, पोट धरलं होतं का हिनं?

हीच वेळ होती. पहिलं वाक्य ओठावर आलं होतं.

लक्ष्मम्मा म्हणाली, हाव, एक दिस. येळवशीचं सांडलेलं खाल्लं. माझंच ध्यान न्हवतं.

लालमहंमद तिच्याकडं बघत राहिला. मग माझ्याकडं. मी विहिरीकडं बघत होतो. विहिरीत पाणी बऱ्यापैकी आहे यंदा.

जाहिदानं विचारलं, सर, तो कागद वाचून दाखवला होता ना? मी म्हणालो, हो. पाठ केलेली तीन वाक्यं बाजूला राहिली आणि हा एक शब्द न अडखळता आला. पस्तीस वर्षं हजेरी घेतली, त्यात ओ म्हणायची सवय पोरांना लावली, आज मीच तसा ओ म्हणालो. जाहिदानं लक्ष्मम्माकडं बघितलं. लक्ष्मम्मा म्हणाली, वाचला की. मास्तरांनी दोन डाव वाचला.

जाताना लालमहंमदनं माझा हात दोन्ही हातांत धरला. मास्तर, जागा दिली, लई उपकार झाले. जागा, म्हणाला. मग लक्ष्मम्मासमोर जाऊन तिच्या हातात साडीचं पुडकं दिलं, आणि म्हणाला, म्हणून तर तुझ्याकडं ठेवली होती.

छकडं रस्त्याला लागलं. नूरीनं मागं वळून बघितलं. लक्ष्मम्माकडं.

हॉटेलातले लोक माझं अभिनंदन करून गेले.

२९ डिसेंबर, सोमवार. पहाटे ४.३०

जाग आली. गजर न लावता. बरोबर साडेचारला. करायला काही नाही.

सकाळी ७.१५

राहवलं नाही. फाईल घेतली आणि शेतात गेलो. नुकतं फटफटलं होतं. लक्ष्मम्मा दावणीपाशी उभी होती, हातात पाण्याची बादली. ती म्हणाली, सवय हो मास्तर, भरूनच आनली. आम्ही दोघं रिकाम्या खुंटीकडं बघत राहिलो. मग तिनं बादली आंब्याच्या रोपाला ओतली.

मी म्हणालो, लक्ष्मम्मा, तुला त्या दिवशी डॉक्टर बोलले ते माझ्यामुळं. हे तीन वाक्यांतलं नव्हतं, आपोआप निघालं. ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या. जित्राब जगलं. मी म्हणालो, नाही, मी आज दुकानात जाऊन सगळ्यांना सांगतो. ती म्हणाली, सांगा. पर आधी कागद वाचा. मला कवापासून ऐकायचाय.

दगडावर बसलो. फायलीतून कागद काढला. पन्नास दिवसांत त्याला घडीसुद्धा पडली नव्हती. मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, वर्गात वाचायचो तसं.

लक्ष्मम्माला सलाम. पाणी आधी, दाणा नंतर. दाणा डब्यानंच, एक सकाळी, एक संध्याकाळी. शिजवलेलं, आंबवलेलं काही नको, सण असो की लग्न. पोट धरलं तर बसू देऊ नका, फिरवत राहा, लीद टाकेपर्यंत.

ती प्रत्येक ओळीला मान हलवत होती. सगळं बरोबर केलं होतं तिनं, न ऐकता.

कागद उलटला. मागच्या बाजूला जाहिदाच्या त्याच झुकत्या अक्षरात चार ओळी. मी मनात वाचल्या आणि थांबलो. कागद संपला म्हणून घडी घालता आली असती, तिला काय कळणार होतं! घडी घालायला बोटं वळलीही होती.

ती म्हणाली, वाचा की म्होरं.

वाचलं. अब्बा म्हणतात, मास्तर माणूस चांगला आहे, पण त्यांना जनावराला खाऊ घालायचा फार शौक आहे. स्टँडवर जिलेबी घालतात, भजी घालतात, आम्हाला भिडेनं बोलता येत नाही. नूरीच्या पोटात त्यांच्या हातचं काही जाऊ देऊ नका. त्यांना वाईट वाटेल असं मात्र बोलू नका.

शेवटच्या ओळीला आवाज बसला. या वेळी थंडीमुळं नाही.

लक्ष्मम्मा उठली. बादली पालथी घातली, खराटा उचलला आणि दावण झाडायला लागली. झाडता झाडताच म्हणाली, आता एवढं काय लिवायचं काम होतं, मला दिसत न्हवतं का?